दारातली गाडी आणि अडीअडचणीचा दिवस

सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत पत्रकारांशी बोलताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मोटार उद्योगातल्या मंदीचे एक कारण सांगितले आणि त्यावरून देशभर वाद रंगला. मोटारींचा बाजार त्या वर्षी पार बसला होता. एकट्या ऑगस्टमध्ये प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा जवळपास ३२ टक्क्यांनी घटली होती. बीएस-६ या नव्या प्रदूषण निकषांकडे जाण्याची धांदल हे एक कारण होतेच. त्याच्या जोडीला अर्थमंत्री म्हणाल्या की, नव्या पिढीची मनोवृत्ती बदलली आहे. गाडीचे हप्ते गळ्यात बांधून घेण्यापेक्षा ओला, उबर नाहीतर मेट्रोने जाणे तिला पसंत आहे.

या विधानाची समाजमाध्यमांवर बरीच टर उडवली गेली. पुढच्या वर्षांतले आकडेही वरवर पाहता टर उडवणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. २०१८-१९ मध्ये देशात सुमारे ३४ लाख प्रवासी वाहने विकली गेली होती. पुढच्या दोन वर्षांत हा आकडा २७ लाखांच्या घरात आला, आणि मग असा उसळला की २०२३-२४ मध्ये ४२ लाखांवर गेला, त्याच्या पुढच्या वर्षी ४३ लाखांवर. त्यातही छोट्या, बेताच्या गाड्या मागे पडल्या आणि उंच, दांडग्या एसयूव्ही पुढे गेल्या. हप्त्याला घाबरणारी पिढी असे वागत नाही.

तरीही हा विषय एवढ्यावर निकालात काढता येत नाही, कारण भारतात मोटार ही अजूनही थोड्यांचीच मालमत्ता आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन वाहनांचीही नोंद झाली होती. निम्म्या घरांत दुचाकी होती, निम्म्या घरांत सायकल होती, आणि मोटार होती ती शंभरातल्या जेमतेम आठ घरांत. अशा देशात दरवर्षी काही लाख नवी कुटुंबे पहिली गाडी घेण्याच्या ऐपतीला पोहोचतात, आणि त्यांच्या खरेदीच्या लाटेखाली बाकी सगळे झाकून जाते. नव्या वाहतूक साधनांचा परिणाम शोधायचा तर शोरूममधल्या विक्रीपेक्षा घरातल्या निर्णयाकडे पाहावे लागते. पहिली गाडी दोन-तीन वर्षे पुढे ढकलली का? दुसरी गाडी घ्यायची राहूनच गेली का? आहे ती जुनी झाल्यावर विकली आणि तिच्या जागी नवी आली नाही, असे झाले का? या गोष्टींची कुठल्याही आरटीओत नोंद होत नाही.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात मात्र एकदा असा योग आला की हे निर्णय उघड्यावर पाहायला मिळाले. टेक्सास राज्याच्या या राजधानीत मे २०१६ मध्ये चालकांच्या बोटांचे ठसे घेण्यावरून महापालिका आणि अॅप-टॅक्सी कंपन्या यांच्यात जुंपली. मतदारांनी सार्वमतात कंपन्यांच्या विरोधात कौल दिला आणि उबर व लिफ्ट या दोन्ही कंपन्यांनी रातोरात शहरातला गाशा गुंडाळला. वर्षभराने त्या परतल्या. या मधल्या काळात संशोधकांनी त्यांच्या जुन्या ग्राहकांना विचारले की, आता तुम्ही कसे जाता? चाळीस टक्क्यांहून थोडे अधिक लोक म्हणाले, स्वतःच्या गाडीने. आणि जवळपास नऊ टक्के लोकांनी चक्क एक जादा गाडी विकत घेतली होती. सेवा होती तोवर या घरांना जी गाडी लागत नव्हती, ती सेवा जाताच लागली. नऊ टक्के हा आकडा छोटा वाटेल, पण मोटार ही काही छत्री नव्हे. एवढा मोठा खर्च काही महिन्यांत इतक्या घरांनी केला, यावरून त्या अॅपने आधी किती खरेद्या थोपवून धरल्या असतील याचा अंदाज येतो.

गाडी लोक कशासाठी घेतात, या प्रश्नाचे उत्तर ऑस्टिनइतकेच मुंबई-ठाण्यातही सापडते. गणपतीच्या आठवडाभर आधी ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी जी लगबग असते, ती पाहण्यासारखी असते. वर्षभर राखाडी कव्हराखाली झोपलेल्या गाड्यांवरची कव्हरे निघतात. कव्हरावर कबुतरांनी केलेला थर झटकला जातो. चावी फिरवली की नुसती खट्ट असा आवाज येतो. बॅटरी केव्हाच उतरलेली असते. मग शेजारच्या गाडीचे बॉनेट उघडून लाल-काळ्या वायरी लावायच्या, ती गाडी चालू ठेवून ही उठवायची. कुणाच्या गाडीत उंदराने वायर कुरतडलेली निघते, कुणाची पीयूसी संपलेली असते, स्टेपनीत हवा नसते. दुपारपर्यंत मागच्या सीटवर मखराचे पुठ्ठे, दिव्यांच्या माळा, आजींच्या औषधांची पिशवी असे सामान चढू लागते. आणि दोन-तीन दिवसांनी पहाटे या सगळ्या गाड्या मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांतून कोकणाकडे निघतात.

या गाड्यांचे मालक रोज लोकलने कामाला जातात. बाजारहाट पायी नाहीतर रिक्षाने होतो. वर्षातले तीनशे-सव्वातीनशे दिवस त्यांना मोटारीची काही गरज नसते. पण गणपतीच्या रेल्वेगाड्यांचे आरक्षण खुले झाल्यावर काही मिनिटांत भरते, आणि तिकीट मिळाले तरी स्टेशनवर उतरल्यावर वाडी वीस-पंचवीस किलोमीटर आत असते. सणाच्या दिवशी तिथवर पोहोचवणारी रिक्षा मिळेल याची खात्री नसते. म्हणून गाडी. रात्री दोनला वडिलांच्या छातीत कळ आली तर, म्हणून गाडी. बाळाला ताप आहे आणि बाहेर जुलैचा पाऊस कोसळतो आहे, म्हणून गाडी. सरासरी दिवसाचा हिशोब करून मोटार घेणारी माणसे फार थोडी असतात. घेतली जाते ती अडीअडचणीच्या दिवसासाठी. त्या अर्थाने मोटार हा एक विमा आहे आणि तिचे हप्ते म्हणजे त्या विम्याचे हप्ते. माझ्या मते या प्रकरणातल्या बाकी सगळ्या गोष्टी या एका मुद्द्यावरून उलगडतात. नवे साधन रोजच्या प्रवासाला किती चांगले आहे, यापेक्षा वाईट दिवशी ते कितपत टिकते यावर गाडी घेण्याचा किंवा न घेण्याचा निर्णय ठरतो.

२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारींसाठी रो-रो सेवा सुरू केली. रायगडमधल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मोटारी मालगाडीवर चढवून न्यायच्या आणि माणसांनी सोबतच्या डब्यातून जायचे. एका गाडीचे भाडे होते ७,८७५ रुपये. रेल्वेने एवढा खटाटोप का करावा? कारण प्रवासापुरती मोटार नको असलेल्या माणसालाही ती गावात हवी असते. स्टेशन ते वाडी, वाडी ते बाजारपेठ, बाजारपेठ ते आत्याचे घर. शेवटच्या वीस किलोमीटरसाठी भरवशाचे वाहन नाही, म्हणून आधीचे चारशे किलोमीटरही गाडी सोबत न्यावी लागते.

विम्याचे हे हप्ते किती महाग पडतात, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जर्मनीत काही हजार मोटारमालकांना विचारण्यात आले की तुमची गाडी महिन्याला किती खाते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांनी इंधनाचा खर्च बऱ्यापैकी अचूक सांगितला. पण गाडीची घसरणारी किंमत, विमा, कर आणि दुरुस्ती त्यांच्या हिशोबातून गळाली. खऱ्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग, म्हणजे महिन्याला २०० युरोंहून जास्त, त्यांनी धरलाच नव्हता.

आपल्याकडचा हिशोब करून पाहू. दहा लाखांची गाडी घेतली, त्यातले आठ लाख पाच वर्षांच्या कर्जाने, नऊ टक्के व्याजाने. आठ वर्षांनी ती तीन लाखांना विकली. किमतीतली सात लाखांची घट आठ वर्षांवर पसरली की महिना सुमारे ७,३०० रुपये होतात. व्याजाचे जवळपास दोन लाख जातात, म्हणजे महिना आणखी दोन हजार. विमा आणि सर्व्हिसिंग मिळून वर्षाला ३५ ते ४० हजार धरले तर महिना तीन हजार. पेट्रोलचा थेंबही न टाकता, गाडी जागेवरून न हलवता, महिन्याला १२ हजारांहून अधिक रुपये गेले. या पैशात शहरातल्या शहरात चारशे रुपयांच्या तीस टॅक्सीफेऱ्या होतात, म्हणजे रोज एक. तरीही अॅपवर चारशेचा आकडा दिसला की माणूस म्हणतो, बाप रे, एवढे! कारण तो आकडा डोळ्यांसमोर लखलखत असतो आणि गाडीचे चारशे रुपये रोज न विचारता खात्यातून जात असतात. भाड्याच्या वाहनाचा प्रत्येक रुपया दिसतो आणि मालकीच्या वाहनाचा दिसत नाही, हा या स्पर्धेतला मोठा पक्षपात आहे. डोनाल्ड शूप या अमेरिकी प्राध्यापकांनी पार्किंगवर अख्खी हयात घालवली. मोटार तिच्या आयुष्यातला सुमारे ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, हा त्यांचा हिशोब जगभर उद्धृत होतो. आपल्या सोसायटीतल्या कव्हराखालच्या गाड्या त्याहूनही जास्त वेळ उभ्या असतील.

उभ्या गाडीचा हा वेळ वाटून घेता येईल, ही कल्पना स्वित्झर्लंडमध्ये फार जुनी आहे. १९४८ मध्येच झुरिकमध्ये एका सहकारी संस्थेने सभासदांसाठी सामाईक मोटार ठेवली होती, कारण एकेकट्याला ती परवडत नव्हती. ती संस्था पुढे उरली नाही. १९८७ मध्ये मात्र त्या देशात दोन नव्या सहकारी संस्था निघाल्या, एक श्टान्स या छोट्या गावात आणि दुसरी झुरिकमध्ये. या वेळी कारण वेगळे होते. गाडी परवडणाऱ्या माणसांनाच ती सतत दाराशी नको होती. १९९७ मध्ये दोन्ही संस्था एकत्र आल्या आणि 'मोबिलिटी' या नावाने काम करू लागल्या. आज त्यांच्याकडे सुमारे तीन हजार गाड्या आहेत, बहुतेक लालभडक रंगाच्या, आणि त्या देशभर दीडेक हजार जागी उभ्या असतात. सभासदाने मोबाइलवरून गाडी राखून ठेवायची, कार्डाने किंवा अॅपने उघडायची, काम झाल्यावर आणून त्याच जागी लावायची. पैसे तासाचे आणि किलोमीटरचे. विमा, दुरुस्ती, हिवाळ्यातले टायर ही सगळी संस्थेची जबाबदारी.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सहकारी साखर कारखाना आणि सहकारी बँक ठाऊक आहे, गृहनिर्माण संस्था तर त्याच्या रोजच्या जगण्यातली आहे. मोटारींची सहकारी संस्था आपल्याकडे रुजली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्यासारख्या शंभर घरांच्या सोसायटीत साठ गाड्या धूळ खात उभ्या असण्यापेक्षा पंधरा गाड्या सगळ्यांच्या असत्या, तर केवढी जागा आणि केवढा पैसा वाचला असता. झूमकारसारख्या कंपन्यांनी २०१३ पासून स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्या आपल्याकडे आणल्या. पण बहुतेकांनी त्या लोणावळ्या-महाबळेश्वरच्या सहलीसाठी वापरल्या. घरची गाडी विकून त्यांच्यावर विसंबण्याइतका भरवसा त्यांनी कमावला नाही.

स्वित्झर्लंडमध्ये तो भरवसा आला कुठून? शेकडो रेल्वे स्थानकांच्या बाहेर मोबिलिटीच्या लाल गाड्या उभ्या असतात, हे त्याचे उत्तर आहे. १९८२ पासून त्या देशात रेल्वेचे वेळापत्रक घड्याळाच्या ठोक्यावर बांधलेले आहे: दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, आणि ती जिथे पोहोचते तिथे पुढची बस तिची वाट पाहत उभी. त्यामुळे लांबचा पल्ला रेल्वेने, बसने होतो आणि मोटार फक्त शेवटच्या आडवळणापुरती लागते. आपल्या कोकणातल्या स्टेशनांबाहेर नेमकी हीच उणीव आहे. आधी रेल्वे, बस मजबूत होत्या, म्हणून वाटून वापरायची मोटार तग धरू शकली. नुसत्या मोटारी वाटायला काढल्या असत्या तर ती संस्था चालली असती असे मला वाटत नाही.

उत्तर अमेरिकेतही मालकी कमी झाल्याचे पुरावे आहेत. तिथल्या कार-शेअरिंग सभासदांच्या २००८ मधल्या पाहणीत असे दिसले की, सभासद होण्याआधी दर शंभर घरांमागे ४७ मोटारी होत्या, नंतर २४ राहिल्या. म्हणजे निम्म्यावर आल्या. पण इथेही सभासद मुख्यतः अशा शहरांतले होते जिथे पायी, सायकलने, आगगाडीने बरेचसे काम भागते.

पॅरिसचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. तिथे डिसेंबर २०११ मध्ये 'ऑटोलिब' या नावाने विजेवरच्या छोट्या मोटारी रस्त्यारस्त्यावर उभ्या राहिल्या. इथून घ्या, तिथे सोडा. पुढे त्या सुमारे चार हजार झाल्या आणि दीड लाखांच्या आसपास लोक वर्गणीदार झाले. पण गाड्या घाण असत, मोडक्या असत, हव्या तेव्हा हव्या तिथे नसत. तोट्याचा अंदाज ३० कोटी युरोंच्या जवळ गेल्यावर शहराने करार मोडला आणि जुलै २०१८ च्या अखेरीस सेवा बंद पडली. हेलसिंकीतल्या 'व्हिम' या अॅपने २०१६ पासून बस, ट्राम, टॅक्सी, भाड्याची मोटार हे सगळे एकाच मासिक वर्गणीत द्यायचा प्रयत्न केला. महिना ४९९ युरोंत जवळपास सगळे काही. स्वतःच्या गाडीच्या खर्चाएवढ्या पैशात गाडीपेक्षा जास्त द्यायचे, असा त्यामागचा विचार होता आणि तो विचार मला आजही पटतो. पण पुरेशी माणसे आली नाहीत. चालवणारी कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली.

अॅप-टॅक्सीबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती उत्साहात सहसा विसरली जाते. टॅक्सी म्हणजेसुद्धा कुणाच्या तरी मालकीची मोटारच. अमेरिकेतल्या शहरांत उबर आणि लिफ्ट आल्यावर वाहनांच्या नोंदणीचे काय झाले, याचा अभ्यास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडला. सरासरी काढली तर नोंदणी घटण्याऐवजी सुमारे ०.७ टक्क्यांनी वाढलेली निघाली. प्रवाशाने न घेतलेली गाडी चालकाने घेतली होती. सॅन फ्रान्सिस्कोत २०१० ते २०१६ या सहा वर्षांत कोंडीत वाया जाणारा वेळ ६२ टक्क्यांनी वाढला. या सेवा नसत्या तर तो २२ टक्क्यांनीच वाढला असता, असे दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले. ग्राहकाची वाट पाहत रिकाम्या फिरणाऱ्या गाड्या रस्ता अडवतातच, शिवाय बसमधला प्रवासीही टॅक्सीत येऊन बसतो.

मुंबईने हे जवळून पाहिले आहे. अॅप कंपन्यांनी सुरुवातीच्या वर्षांत चालकांना भरघोस बोनस दिले. ते पाहून सातारा-बीडपासून उत्तर प्रदेशापर्यंतच्या तरुणांनी कर्जे काढून गाड्या घेतल्या. पुढे बोनस आटले, गाड्या वाढल्याने फेऱ्या वाटल्या गेल्या, आणि हप्ता मात्र तेवढाच राहिला. नव्या पिढीने हप्ता नाकारला असे म्हणताना तो हप्ता कुणाच्या खांद्यावर गेला, हेही पाहायला हवे. दिवसाचे बारा-चौदा तास स्टिअरिंगमागे बसणाऱ्या माणसाने तो उचलला आहे. त्याला त्याचा मोबदला धड मिळाला नाही तर तो फेरी रद्द करतो, एसी बंद ठेवतो, शेवटी गाडी विकून गावी जातो. आणि मग प्रवाशाच्या अडचणीच्या दिवशी स्क्रीनवर नुसते चाक फिरत राहते. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणीला मुभा दिली. नेमक्या गरजेच्या वेळी दुप्पट पैसे मोजावे लागणे आणि तरीही गाडी मिळेल की नाही याची धाकधूक असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस शोरूमची पायरी चढतो.

अर्थात सर्वांत वाईट दिवशी स्वतःची मोटारही दगा देते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर हजारो मोटारी पाण्यात उभ्या राहिल्या. काही माणसे बंद मोटारींतच गुदमरून गेली. लाखो लोक रेल्वेच्या रुळांवरून आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी पोहोचले. तरीही ती आठवण गाडीच्या विरोधात कुणी मोजत नाही.

मेट्रोची गोष्ट वेगळी आहे. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो धावली. अकरा-साडेअकरा किलोमीटरचे अंतर. साकीनाक्याच्या कोंडीतून ज्याला तास-सव्वा तास लागे ते एकवीस मिनिटांवर आले. पुढे २०२२-२३ मध्ये दहिसर-अंधेरी पट्ट्यातल्या दोन मार्गिका आल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका पूर्ण झाली. पावसाने, कोंडीने किंवा मागणी वाढल्याने मेट्रोचे भाडे चढत नाही, चालकाने फेरी रद्द केली असे होत नाही. भरवशाच्या कसोटीवर ती पुरेपूर उतरते. पण स्थानकाच्या जिन्यावरून खाली उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न घाटकोपरला, मरोळला, दहिसरला रोज संध्याकाळी उभा असतो. शेअर रिक्षाची रांग, तीन जण बसले की सुटणारी, ठरलेल्या भाड्याची, ही माझ्या दृष्टीने या शहराची फार मोलाची आणि फार दुर्लक्षित सेवा आहे. तिच्यासाठी कुणी भूमिपूजन केले नाही, पण मेट्रोचा प्रवास तीच घरापर्यंत पुरा करते.

आणि बेस्टची बस? एके काळी चार हजारांहून अधिक बस रस्त्यावर असणाऱ्या या संस्थेचा ताफा आता तीन हजारांच्या खाली आला आहे. जुलै २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलेले किमान भाडे मे २०२५ मध्ये दहा झाले. भाड्याची वाढ एक वेळ सोसता येते, पण थांब्यावर अर्धा तास उभे राहूनही बस न येणे सोसता येत नाही. हजारो कोटींचे भुयार खोदून झाल्यावर त्याच्या तोंडाशी नेणारी बस कमी करायची, हा मला अक्षम्य विरोधाभास वाटतो. राज्य सरकारने २०२५ मध्ये विजेवरच्या बाइक-टॅक्सींना परवानगी देणारे धोरण मंजूर केले. एकट्या माणसाच्या दोन-तीन किलोमीटरच्या प्रवासाला त्यांचा उपयोग होईल. पण मांडीवर मूल घेतलेल्या आईला, गुडघे दुखणाऱ्या आजींना हवी असते ती बसच.

पर्याय नसले तर काय होते, ते पाहायला गोव्याला जावे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत महाराष्ट्रात नऊ टक्क्यांच्या आसपास घरांत मोटार होती. गोव्यात जवळपास ४५ टक्के घरांत. देशातले हे सर्वांत मोठे प्रमाण. गोव्याचे दरडोई उत्पन्न मोठे आहे, घराभोवती अंगण आहे, परदेशातून पैसा येतो, ही कारणे आहेतच. पण तेवढ्याने पंचेचाळीस टक्के होत नाहीत. खासगी बस दिवसा गच्च भरून धावतात आणि अंधार पडला की विरळ होतात. आतल्या गावांत रात्री नऊनंतर मिळेल त्याची वाट पाहायची. मीटर न टाकणाऱ्या टॅक्सीचे दर पर्यटकाच्या खिशाकडे पाहून ठरत आले. ओला-उबरला टॅक्सीव्यावसायिकांनी कडाडून विरोध केला. २०१८ मध्ये आलेल्या 'गोवा माइल्स' या अॅपलाही त्यांनी सुखाने चालू दिले नाही. त्यांचीही बाजू आहे: वर्षातले चार-सहा महिनेच धंदा चालतो आणि बाहेरच्या कंपनीने दर ठरवले तर तेवढ्यावर घर कसे चालवायचे? एकट्या माणसासाठी पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरचा पायलट आहे. बाइक-टॅक्सी हा शब्द देशात येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पण पेडण्याहून म्हापशाच्या इस्पितळात रात्री आईला न्यायची तर पायलट कामाचा नाही. तिथल्या मध्यमवर्गीय घराने कर्ज काढून गाडी घेतली तर त्याला चैन म्हणणे अन्यायाचे होईल.

शेवटी गाडीवरच्या निर्बंधांचा आणि तिच्या जागेचा विषय. सिंगापूरने १९९० पासून गाडी बाळगायचा परवानाच लिलावात काढला. तो दहा वर्षे चालतो, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाडीसाठी त्याचा भाव दीड लाख सिंगापूर डॉलरवर गेला होता. गाडीची किंमत वेगळी. असली कठोरता त्या शहराला झेपते, कारण जवळच मेट्रो आहे आणि दारात बस आहे. जपानमध्ये १९६२ च्या कायद्यापासून पार्किंगची जागा दाखवल्याखेरीज गाडी नोंदवता येत नाही. महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीही २०२५ मध्ये तसाच नियम आणण्याचे बोलून दाखवले. मला तो नियम हवासा वाटतो, पण त्याच्या एका बाजूची काळजीही वाटते. ज्याच्याकडे टॉवरमध्ये दोन पार्किंग आहेत त्याला नियमाची झळ लागणार नाही. चाळीत राहून टॅक्सी चालवणाऱ्याची नोंदणी मात्र अडेल. त्या चालकासाठी नियमात वेगळी वाट ठेवायला हवी.

आणि टॉवरमधल्या त्या दोन पार्किंगचाही विचार व्हायला हवा. मुंबई-पुण्यात मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आज ज्या इमारती उभ्या राहत आहेत, त्यांचे खालचे कित्येक मजले मोटारींसाठी आहेत. त्या मजल्यांचा खर्च फ्लॅटच्या किमतीत येतो आणि गाडी नसलेले कुटुंबही तो भरते. एकदा जागेचे पैसे भरले की ती रिकामी ठेवणे जिवावर येते आणि वर्षभरात तिथे गाडी येऊन उभी राहते. स्थानकाला लागून असलेल्या इमारतींपुरते तरी फ्लॅट आणि पार्किंग वेगवेगळे विकले जावे. ज्याला जागा हवी त्याने तिचा पुरता भाव मोजावा, ज्याला नको त्याला फ्लॅट तेवढ्या लाखांनी स्वस्त मिळावा, आणि तळमजल्यावर चार-सहा जागा सगळ्या सोसायटीच्या भाड्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवाव्यात, गणपतीला गावी जायचे असेल तेव्हा आधी नाव नोंदवून नेता येतील अशा.